दोन चाव्यांचा डबा

त्या घरात पाण्याची मोटर सुरू करायची तर आधी लाकडी गोळा हातात असावा लागे. लाल रंगाचा, साधारण मोसंबीएवढा. खाली घरमालक काका-काकू राहत, वर मी भाड्याने, आणि बोअरवेलची मोटर दोघांत एकच. गोळा ज्याच्याकडे, त्यानेच बटण दाबायचं. टाकी भरली की गोळा जिन्याखाली टांगलेल्या पिशवीत टाकायचा, मग तो दुसऱ्याने उचलायचा. ही पद्धत काकांनी रेल्वेतून आणली होती. एकेरी रुळावर ड्रायव्हरच्या हातात असा गोळा पडल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नसे, म्हणजे समोरून दुसरी गाडी येण्याची भीतीच नाही. आमच्याकडे गाड्या नव्हत्या, दोन टाक्या होत्या. पण मी तिथे राहिले तेवढ्या काळात मोटर एकदाही जळली नाही, आणि गल्लीत इतरांच्या दर उन्हाळ्यात जळत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून काका अगदीच वाया गेलेले वाटतील.

घर रायपूरला, रेल्वे यार्डाजवळच्या गुढियारी वस्तीच्या मागच्या अंगाला. दिवसभर मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज येई आणि काका तो गाणं ऐकावं तसा ऐकत. मूळचे वर्ध्याकडचे. वडील रेल्वेत, स्वतः रेल्वेत, सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते कागदावर. मी घर बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नवऱ्याबद्दल, जातीबद्दल, मांसाहाराबद्दल काहीही विचारलं नाही, ज्याची मी तयारी करून गेले होते. विचारलं ते एवढंच, की तुमचं रोजचं प्रस्थान कितीचं आणि आगमन कितीचं. मी विमा कंपनीच्या कचेरीत होते. सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेसहा, असं सांगितलं. ते म्हणाले, "लेट होत असन तर खबर देत जा, मॅडम. वरचा दिवा बंद दिसला की मले टेन्शन येते."

फाटकातून स्कूटर रस्त्यावर काढताना समोरच्या गोदामाचे ट्रक दिसत नसत. म्हणून काका फाटकाबाहेर हिरवी झेंडी घेऊन उभे राहत. सुरुवातीला मला लाज वाटे, शेजारी बघत. पुढे सवय झाली, इतकी की कचेरीच्या फाटकातून निघतानाही मी उगाच कोणाची तरी वाट बघे. एकदा ते आंघोळीला गेले होते आणि मला उशीर होत होता, तर मी झेंडीशिवाय निघाले. संध्याकाळी जिन्यात खुर्ची टाकून बसलेले. सिग्नल नसताना गाडी पुढे का नेली, याचं माझं बयान घेण्यात आलं. मी म्हटलं, काका, रस्ता मोकळा होता. ते म्हणाले, मोकळा होता हे तुम्हाला पार झाल्यावर कळलं.

बयान घेणं हा त्यांचा खरा जीव. नोकरीत असताना त्यांना बऱ्याच छोट्यामोठ्या चौकश्यांवर बसवलं होतं, आणि त्या गोष्टी ते काकूंच्या चहाबरोबर मला सांगत. कुठे फाटक उघडं राहिलं, कुठे दिवा विझला, कुठे बैल रुळावर आला. "मशीन कधीच चुकत नाही, मॅडम," हे त्यांचं पहिलं वाक्य. "माणूस चुकते." आणि शेवटचं वाक्यही ठरलेलं: "संबंधित कर्मचारी दोषी पाया गया." खात्याचं मला माहीत नाही, पण काकांच्या गोष्टींत हा संबंधित कर्मचारी नेहमी सगळ्यात कमी पगाराचा असे. बैलाच्या गोष्टीतही. मी एकदा विचारलं की एखाद्या तरी चौकशीत वरचा साहेब सापडला का. काकांनी बराच विचार केला. म्हणाले, "साहेब घटनास्थळावर राह्यतच नव्हते, तर सापडतीन कसे?"

या घरात कॉम्प्युटर आला तो काकूंमुळे. काकू शांत बाई. लग्नाच्या वेळी त्यांचं बी. ए. अर्धवट सुटलं होतं. नंतर तीन मुलं, सासूसासरे, बदल्या. मुलं मार्गी लागल्यावर त्यांनी एका विद्यापीठाच्या घरबसल्या पाली पदविकेला नाव घातलं. विहारात म्हटलेलं सगळं इतकी वर्षं नुसतं पाठ होतं, आता त्याचा अर्थ कळला पाहिजे, असं म्हणाल्या. वर्ग कॉम्प्युटरवरून, शेवटी तोंडी परीक्षाही कॉम्प्युटरवरूनच. मोबाईल चालणार नाही आणि परीक्षेच्या मधेच संपर्क तुटला तर गैरहजर धरू, असं विद्यापीठाने बजावलं होतं. बंगलोरच्या मुलाने कॉम्प्युटर पाठवला. टीव्हीशेजारच्या टेबलावर तो मांडला आणि पहिला महिना काकू रोज दुपारी न चुकता वर्गाला बसल्या. स्वयंपाक करताना त्या पाली शब्दांची रूपं म्हणत. माझ्या खिडकीतून फोडणीबरोबर सप्तमी विभक्ती वर येई.

महिन्याने काकांना धूळ दिसली.

आमच्या भागात कारखान्यांची काळी धूळ पडते. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोट फिरवलं तर काजळ निघतं. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांचं तर बोलूच नका. काकांनी कॉम्प्युटरच्या मोठ्या डब्यावर, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात, बोट फिरवलं आणि ते बोट घरातल्या सगळ्यांना दाखवलं, मलाही वर येऊन दाखवलं. सिग्नलची यंत्रं जिथे असतात त्या खोलीत धुळीचा कण जाऊ देत नाहीत, म्हणाले. त्या खोलीला दोन कुलुपं असतात. एक चावी स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नलवाल्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडतच नाही, म्हणजे कोणी एकटा माणूस आत जाऊन गडबड करू शकत नाही.

आठवडाभरात सुतार आला. जाड प्लायवूडचा डबा झाला, आतून फोम, दाराच्या चारी कडांना फ्रीजला असते तशी रबराची पट्टी. समोर बोटाएवढी काच, हिरवा दिवा लागलाय की नाही ते दिसावं म्हणून. सुरू करायचं बटण आत जाणार होतं, तर काकांनी वायर ओढून दाराच्या घंटीचं लाल बटण बाहेर बसवलं. आणि दोन कुलुपं. एक चावी काकांच्या करदोट्याला, दुसरी काकूंच्या जुडग्यात. काम इतकं सफाईचं होतं की मीही कौतुक केलं. डबा टेबलावर ठेवून सीपीयू त्यात बसवला, दोघांनी आपापली कुलुपं लावली, काकांनी हिरवी झेंडी दाखवली आणि काकू वर्गाला बसल्या.

अर्धा तास झाला आणि कॉम्प्युटर हँग झाला.

सर काहीतरी समजावून सांगत होते, तोंड उघडं, तसेच राहिले. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. तिकडे वर्गात काकूंचंही चित्र थिजलेलं दिसे. एकदा नेमके डोळे मिटलेले असताना थिजल्या, तर सरांनी बाकीच्यांना सांगितलं म्हणे की या ताईंची एकाग्रता पाहा. काकूंना हे कौतुक दुसऱ्या दिवशी कळलं. त्या म्हणाल्या, सर, मी तेव्हा लाल बटण दाबून राहिली होती.

काकांनी चौकशी बसवली. हँग झाला रे झाला की पडद्यावर लाल कपडा टाकायचा आणि कोणी कशाला हात लावायचा नाही. त्याला ते "स्थिती यथावत" म्हणत. मग पॅड घेऊन समोर बसत.

"शेवटचं काय पाह्यलं?"

"सरांचं तोंड," काकू म्हणत.

"बंद का उघडं?"

"उघडं."

"शब्द कोनता होता?"

काकूंना शब्द आठवला तर चौकशी पुढे सरके, नाही आठवला तर त्या असहकार्य करून राहिल्या आहेत अशी नोंद होई. तोवर वर्ग संपलेला असे.

इंटरनेटवाल्याचं बयान झालं. इन्व्हर्टरवाल्याचं झालं. समता कॉलनीतल्या दुकानातून एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला, त्याने चपला काढता काढताच सांगितलं, "अंकल, फॉरमॅट मार देते हैं." काकांनी विचारलं, न बघता कसं ठरवलं. तो म्हणाला, सगळ्यांना तेच लागतं. काकांनी त्याला नाव, वडिलांचं नाव आणि अनुभव विचारला. तो चहा न घेता गेला. या एका बाबतीत मी काकांच्या बाजूची आहे.

मात्र माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगितलं. म्हटलं, "काका, डबा तापून राहिला. आतली हवा कोंडते. हात लावून पाहा."

"हात? घटनास्थळाले?"

"मग काकूंचं दही पाहा."

कारण काकूंनी थंडीत त्या डब्याचा उपयोग शोधला होता. रायपूरला डिसेंबरात दही लागत नाही, दूधच राहतं. काकू वर्गाला बसताना विरजणाचं पातेलं डब्यावर ठेवत आणि संध्याकाळपर्यंत सुरीने कापावं असं दही तयार. गल्लीतल्या दोघीतिघी आपापली पातेली आणून ठेवू लागल्या होत्या. डबा गरम होतो हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. काकूंनी बयानातही सांगितलं होतं की दही छान लागते. काकांनी त्यापुढे "असंबद्ध" असं लिहिलं होतं.

"थंडीत मशीन गरम कशी होईन, मॅडम?" ते म्हणाले. "मे महिना असता तर मानलं असतं."

"उघडून तर पाहा."

"उघडाले कारण पाह्यजे. दोन चाव्या, दोन अधिकारी आन् कारण. कारण जांचमधून निंगन. जांच पुरी झाली की उघडू."

"आणि डबा उघडल्याशिवाय जांच पुरी कशी होईल?"

"तेच तं," काका म्हणाले. "म्हणून टाइम लागून राहिला."

त्यांना हे बोलताना जराही गंमत वाटत नव्हती. उलट एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती, की आतल्या पंख्याचा आवाज वाढलाय. त्याचा अर्थ त्यांनी असा काढला की कुठूनतरी धूळ आत जातेय. वायरी बाहेर येतात ते भोक त्यांनी रंगारी वापरतात ती लांबी भरून बुजवलं. मग कॉम्प्युटर अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटांत हँग होऊ लागला. मग त्यांनी काचेच्या कडेलाही लांबी लावली.

काकूंची परीक्षा जानेवारीत. मी माझा लॅपटॉप देऊ केला असता, पण तो कचेरीचा, त्यात कचेरीच्या कामाशिवाय काही उघडतच नसे. मुलाला फोन झाला. तो म्हणाला, बाबांना डबा उघडायला सांग. काकांनी फोनवर त्याचंही बयान घेतलं. परीक्षेच्या आठवडाभर आधी अंतरिम अहवाल आला: झाडू मारताना टेबलाखालची तार हलते, संबंधित कर्मचारी दोषी. म्हणजे कामवाली बाई. तिला त्या खोलीतून निलंबित केलं. आता त्या खोलीत झाडू मारणं बंद, त्यामुळे धूळ आणखी वाढली आणि काकांना आपलं म्हणणं सिद्ध होताना दिसू लागलं.

काकू त्या दिवशी वर आल्या. कधी येत नसत, गुडघे दुखत. जिन्यातच बसल्या. म्हणाल्या, "बेटा, मले नापास होयाची भीती नाही. उत्तरं नाही आली तर नाही आली, पुन्हा बसन. पन गैरहजर? मी घरी बसून गैरहजर?" त्यांच्या हातात चाव्यांचा जुडगा होता आणि त्या एकाच चावीवरून अंगठा फिरवत होत्या. मी म्हटलं, कुलूप तोडू या, माझ्याकडे हातोडी आहे. काकू म्हणाल्या, "तोडलं तर त्याची जांच बसन." आणि खाली गेल्या.

परीक्षेच्या सकाळी मी खाली होते. लॉगिन करून द्यायला काकूंनीच बोलावलं होतं. कामवाली गावाला गेली होती. छेरछेरा होता, शेतातलं धान घरी आलं की इकडे हा सण करतात आणि त्या दिवशी कोणी कामाला येत नाही. काकूंनी पांढरी साडी नेसली होती. आधी आवाजाची तपासणी झाली, त्यांचा आवाज तिकडे नीट गेला. परीक्षकांनी सांगितलं, दोन जणांनंतर तुमचा नंबर. आणि पडदा थिजला.

काकांनी लाल कपडा टाकला आणि पॅड घेतलं.

काकूंनी खुर्ची फिरवली. लाल कपडा उचलून घडी करून मांडीवर ठेवला. "आज मी विचारते," त्या म्हणाल्या. "तुमी लिहा."

काकांनी खरोखरच पेनचं टोपण काढलं. सवय.

"डबा कोनं बनवला?"

"सुतारानं."

"सांगितला कोनं?"

"मी."

"रबर?"

"मी. पन धूळ येऊन राहिली होती, म्हणून..."

"धूळ मी विचारली नाही. डबा याच्या आधी मशीन कितीदा बंद पडली?"

काका पॅडची मागची पानं उलटू लागले. काकूंनी हात पुढे करून पानं दाबली. "तिथं नाही भेटनार. आठवून सांगा."

"एकदाही नाही."

"लांबी भरल्यावर जास्ती बंद पडली का कमी?"

"जास्ती," काका म्हणाले. आवाज इतका बारीक की मला दारातून जेमतेम ऐकू आला.

"मंग जिम्मेदार कोन?"

"संबंधित कर्मचारी," ते म्हणाले. हेही सवयीने.

"कोनता? बाई गावाले गेली. मॅडम आत्ता आल्या. मी परीक्षार्थी." काकूंनी आपली चावी कुलपात घातली, फिरवली आणि हात तसाच ठेवून वाट पाहिली. "लवकर सांगा. दोनच जन आहेत माह्या आधी."

काकांनी सदऱ्याखाली हात घातला. करदोट्याची गाठ सुटेना. आतापर्यंत ती सोडायची वेळच आली नव्हती. शेवटी ते तसेच डब्याला चिकटून उभे राहिले आणि पोटाशी बांधलेल्या चावीनेच त्यांनी कुलूप उघडलं.

दार उघडलं तसा भाताच्या कुकरसारखा ऊन वारा बाहेर आला. काकांनी आत हात घातला आणि चटकन मागे घेतला. "कोंडलं होतं," ते म्हणाले, जणू मला कळवत होते. मग खुर्ची ओढून लिहायला बसू लागले.

"लिहू नका," काकू म्हणाल्या. "वारा घाला."

टेबलफॅन माळ्यावर बांधून ठेवलेला, आणि त्याचा आवाज माइकमध्ये गेला असता. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. दाराशी झेंडी होती. ती घेऊन ते टेबलाच्या कडेला जमिनीवर मांडी घालून बसले आणि उघड्या डब्यावर वारा घालू लागले. मी लाल बटण दाबून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, काकूंना आत जोडून दिलं आणि बाहेर अंगणात खिडकीशी जाऊन उभी राहिले. खोलीत परीक्षार्थीशिवाय कोणी नको, असा नियम होता.

काकूंचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, दुसऱ्याचं देताना जरा अडखळल्या, सावरल्या. तिसऱ्याच्या आधी परीक्षक थांबले. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना काहीतरी हिरवं हलताना दिसलं असावं.

"कमरे में कोई और है क्या?" त्यांनी विचारलं.

झेंडी क्षणभर थांबली.

"कोई नहीं, सर," काकू म्हणाल्या. "संबंधित कर्मचारी है. हवा कर रहा है."

परीक्षकांना काय समजलं कोण जाणे. ते म्हणाले ठीक आहे आणि पुढचा प्रश्न विचारला. काकूंनी त्याचं लांबलचक उत्तर दिलं. टेबलाच्या कडेला झेंडी पुन्हा हलू लागली आणि परीक्षा संपेपर्यंत थांबली नाही. मधे हात दुखला तेव्हा काकांनी ती दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

काकू पहिल्या वर्गात पास झाल्या. अंतिम अहवाल कधी आलाच नाही. कामवाली सणाहून परतली तेव्हा काकांनी तिला सन्मानाने बोलावून सांगितलं की तुझं निलंबन मागे घेतलंय. आपलं निलंबन झालं होतं हे तिला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "हव बाबू, फेर एक ठन कमरा कम रहिस, बने रहिस." म्हणजे एक खोली कमी झाडावी लागत होती, तेच बरं होतं.

डब्याचं दार तेव्हापासून उघडंच राहू लागलं. मग थंडी असेपर्यंत एक नवीन अडचण. एका संध्याकाळी काका वाटी घेऊन वर आले. वाटीत पांढरं, पातळ काहीतरी होतं.

"मॅडम, दही लागून नाही राहिलं," ते म्हणाले. "तुमच्या काकू नाराज आहेत. गल्लीतल्याही दोघी येऊन विचारून गेल्या. काहून असन?"

मी म्हटलं, "काका, डबा उघडा झाला ना."

ते वाटीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता खिशातून पेन निघणार, विरजण कोणी लावलं, पातेलं कोणी हलवलं, शेवटचं काय पाहिलं. पण त्यांनी खिशाकडे हात नेला नाही.

"म्हणजे मीच," ते म्हणाले, आणि वाटी सांभाळत जिना उतरून गेले.